दारातली जुई आणि उसाची सवय



शेतकी खात्याच्या या पानावर आपण आजवर बेणेमळा, हुमणी, पाचटाची कुट्टी, खोडव्याची निगा अशाच गोष्टी वाचत आला आहात. या खेपेला विषय जरा वेगळा घेतला आहे. गटसभा आटोपून चहा सुरू झाला की हल्ली भगिनी सभासदांकडून एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, दारात जुई लावली. पाण्याला कमी नाही, खताला कमी नाही. तरी ती एक तर नुसती पानांनी माजते, नाही तर दोन वर्षांत पिवळी पडून जाते. आमच्या जमिनीला जुई मानवत नाही का?" बंधू सभासद यावर हसतात आणि विषय पुन्हा तोडणीच्या टोळ्यांकडे वळवतात. पण यात हसण्यासारखं काही नाही. ज्या जमिनीत ऊस डोक्याच्या वर जातो त्याच जमिनीत जुई मरते, याला काहीतरी कारण असलंच पाहिजे. आम्ही जिथे जिथे जाऊन पाहिलं तिथे बहुतेक वेळा ते कारण जमिनीत नव्हतं, घरच्या सवयीत होतं.

थोडक्यात सांगायचं तर उसाच्या घरात जुईच्या वाट्याला उसाचं उरलेलं येतं. उरलेलं पाणी, पोत्याच्या तळाचा उरलेला युरिया, आणि फवारणीच्या पंपात राहिलेलं उरलेलं औषध. ऊस हे दांडगं पीक आहे, बरंच काही सोसून उभं राहतं. जुईला ते जमत नाही. तिला लागतं फार थोडं, पण ते वेळेवर लागतं.

आता आधी ओळख पटवून घेऊ, कारण बाजारात आणि रोपवाटिकेत नावांची मोठी गल्लत आहे. जाई, जुई, कुंद, मोगरा ही सगळी एकाच कुळातली भावंडं. जुईचं पान नीट पाहावं. वरवर ते एकटंच दिसतं, पण पुष्कळ पानांच्या देठाशी दोन इवलीशी पानं कानाच्या पाळीसारखी चिकटलेली असतात. शास्त्रीय नावही त्यावरूनच पडलं आहे : जास्मिनम ऑरिक्युलेटम, म्हणजे कानवाली. जाईच्या एका देठावर सात-नऊ लहान पर्णिका जोडीजोडीने असतात आणि कळीला बाहेरून गुलाबी झाक असते. कुंदाच्या पानांवर, कोवळ्या फांद्यांवर लव असते, तो थंडीत फुलतो आणि वास बेताचाच. मोगरा तर झुडूपच, त्याला मांडव लागत नाही. पाहुण्यांकडून फांदी आणून लावताना पान एकदा असं पाहून घ्यावं, नाही तर तीन वर्षं वाट पाहून कुंद निघतो.

रात्री फुलणाऱ्यांत आणखी दोघी आपल्याकडे घरोघर दिसतात. मधुमालती संध्याकाळी पांढरी उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि पुढे लाल, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. वेल देखणी, चिवट, रोग जवळजवळ नाहीच. पण तिचा पसारा मोठा. पत्र्याच्या छपरावर चढू दिली तर पत्र्याचे सांधे उचकटते. तिला विहिरीच्या कठड्याजवळ किंवा वस्तीच्या फाटकावर जागा द्यावी. दुसरी रातराणी. ती मुळात वेल नव्हेच, लोळत वाढणारं झुडूप आहे, आणि वेस्ट इंडीजकडून आलेलं आहे. तिच्याबद्दल एकच सांगतो : तिची पानं आणि फळं जनावरांना विषारी आहेत. रातराणी छाटली की तो पाला गोठ्याकडे नेऊ नये, वाढ्यांच्या भाऱ्यात तर मुळीच मिसळू देऊ नये.

जुई रात्रीच का फुलते, असं मुलं विचारतात. तिचं गिऱ्हाईकच रात्रीचं आहे. अंधारात उडणारे पतंग लांब सोंडेने फुलाच्या नळीतला मध पितात. त्यांना रंगाचा उपयोग नाही, म्हणून फूल पांढरं, आणि दुरून पत्ता लागावा म्हणून वास. दिवे लागणीच्या सुमारास कळी उमलू लागते तेव्हाच हा सुगंध तयार होऊन बाहेर पडू लागतो. मिटल्या कळीला तो नसतो, म्हणून दुपारी वेलीजवळ उभं राहून नाक लावलं तर काहीच येत नाही. आम्हा उसाच्या माणसांना फुलाचं कौतुक तसं नवीनच म्हणायचं. दिवस लहान होऊ लागले की उसाला तुरा येतो, वाढ थांबते, पुढे दशी पडते, त्यामुळे फूल दिसलं की आमच्या कपाळाला आठी! इथे नेमकं उलट आहे. जुईत आपल्याला पालाच नको आहे, फूलच हवं आहे. एवढी एक गोष्ट ध्यानात राहिली तरी पुढच्या सूचना आपोआप समजतील.

या वेलीचं आणि आपल्या उसाचं एक लांबचं नातंही आहे. आपण को ७४० म्हणतो, को ८६०३२ म्हणतो, त्यातला 'को' म्हणजे कोइमतूर. तिथल्या ऊस पैदास संस्थेची सुरुवात १९१२ सालची. त्याच कोइमतुरात तमिळनाडू कृषी विद्यापीठ आहे आणि जुईच्या सुधारित जाती काढण्याचं काम तिथे झालं आहे. जुईला तमिळमध्ये मुल्लै म्हणतात. त्यांच्या एका जातीचं नाव पारीमुल्लै आहे, आणि त्यामागे जुनी आख्यायिका आहे. पारी नावाचा एक दानशूर सरदार रथातून चालला असता त्याला आधारावाचून जमिनीवर लोळणारी जुईची वेल दिसली. त्याने आपला रथ तिच्यापाशी सोडून दिला, तिला चढायला म्हणून. आपल्याला रथाची गरज नाही, चार बांबू पुरतात, पण मुद्दा खरा आहे : आधार नसलेली जुई जमिनीवर पसरते, फांद्या आत आत गुंततात, हवा खेळत नाही आणि फुलं कमी येतात.

जागेचा विचार लावण्याआधी करावा, नंतर वेल हलवता येत नाही. दिवसाचे निदान पाच-सहा तास ऊन मिळालं पाहिजे. घराच्या पूर्वेला किंवा दक्षिणेला, भिंतीपासून दोन फूट सोडून लावावी. आंब्याच्या किंवा नारळाच्या सावलीत ती जगते, फुलत नाही. विजेच्या खांबाजवळ आणि सर्व्हिस वायरच्या खाली लावू नये, हे वेगळं सांगायला नको, पण आम्ही पाहिलेल्या वेलींपैकी निम्म्या तिथेच असतात, कारण खांब हा आयता आधार! मांडव सात फूट उंचीचा करावा म्हणजे खालून माणूस सरळ चालेल. बांबू किंवा जुने पाइप उभे करून वर तार ताणली की काम झालं. फांद्या बांधायला सुतळीपेक्षा जुन्या ठिबकच्या नळीचे उभे चिरलेले तुकडे चांगले. ते फांदीला काचत नाहीत, आणि त्या नळ्यांची भेंडोळी आपल्या प्रत्येकाच्या शेडमध्ये पडलेलीच असतात.

खड्डा दीड फूट लांब, रुंद, खोल. काळ्या जमिनीत वर आलेली सगळी माती परत भरू नये. एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग बारीक मुरूम किंवा वाळू असं मिश्रण भरावं आणि ते जमिनीपेक्षा वीतभर उंच राहील असं करावं. आळं करायचं ते बुंध्याभोवती खोलगट न करता बुंधा उंचावर ठेवून बाहेरून गोल करावं. आपल्या कारखान्याचं प्रेसमड पुष्कळ जण घरी आणतात. ताजं प्रेसमड खड्ड्यात घालू नये. कुजताना ते तापतं आणि नवी मुळी त्यात भाजते. पूर्ण कुजून काळं, भुसभुशीत झालेलं असेल तर शेणखताऐवजी चालतं.

लावणीला मृगाच्या सरी पडून गेल्यानंतरचा काळ सगळ्यांत सोपा. रोप विकत आणण्याची फारशी गरज नसते, शेजारी चांगली फुलणारी जुई असेल तर तिचं दाबकलम करून घ्यावं. जमिनीलगतची वर्षभराची फांदी वाकवून, एका पेराशी सालीला तिरका हलका छेद द्यावा, ते पेर मातीत दोन-तीन इंच गाडावं, वर दगड ठेवावा आणि शेंडा बाहेर राहू द्यावा. तीन-चार महिन्यांत मुळं धरतात. मग आईपासून तोडून आठवडाभर तिथेच राहू द्यावं आणि नंतर मातीसकट उचलावं. फाटे कलमही होतं : पेन्सिलीच्या जाडीची, तीन-चार डोळ्यांची कांडी, खालचे दोन डोळे मातीत. मात्र इथे उसाच्या टिपरीसारखी ती आडवी पुरू नका. एका भगिनींनी तसं केलं होतं, आणि त्यांच्या मते चूक आमची होती, कारण दोन डोळ्यांची टिपरी आडवी लावा असं आम्हीच तर सांगत होतो!

आता पाणी. याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण जुई मरण्याचं पहिलं कारण हेच आहे. आपल्याकडे फुलझाड लावायची ठरलेली जागा म्हणजे न्हाणीच्या मोरीचं पाणी जिथे पडतं ती. हेतू चांगला असतो, पाणी वाया जाऊ नये हा. केळ आणि अळू तिथे आनंदाने वाढतात. जुईची मुळं मात्र सतत ओल्या जमिनीत कुजतात. शिवाय त्या पाण्यात साबण आणि कपडे धुण्याची पावडर असते, तिच्यातला सोडा जमिनीत साठत जातो, माती चिकट आणि घट्ट होते, वरचं पाणी मुरत नाही, मुळाला हवा मिळत नाही. वेल आधी पिवळी पडते. पिवळी दिसली म्हणून घरातले आणखी पाणी घालतात. मग ती मरते.

नव्या रोपाला पाऊस नसेल तेव्हा दोन-तीन दिवसांनी पाणी पुरे. दोन वर्षांच्या वेलीला काळ्या जमिनीत उन्हाळ्यातसुद्धा आठ-दहा दिवसांनी एकदा, पण बादलीभर, सावकाश मुरेल असं द्यावं. मुरमाड जमिनीत पाच-सहा दिवसांनी. बोट दोन पेरं मातीत घालून पाहावं, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. पावसाळ्यात आळं फोडून पाणी बाहेर काढून द्यावं.

अलीकडे एक नवी पद्धत आली आहे. ऊस ठिबकवर आला, घर शेतातच, तेव्हा एक नळी घराकडे ओढून दारच्या झाडांना जोडून टाकायची. सोय चांगली दिसते. पण त्या नळीतून उसाला विद्राव्य खत सोडलं की जुईलाही सुटतं, आणि नळ्या साफ करायला आम्ल सोडलं तर तेही. उसाच्या पाळीप्रमाणे जुई भिजते, तिच्या गरजेप्रमाणे नाही. नळी जोडायचीच असेल तर तिला स्वतंत्र चावी बसवावी आणि खत सोडताना ती बंद ठेवावी.

आणि आता जे सांगतो ते जुईपुरतं नाही. पाणी बेतानं देऊनही जुन्या पानांच्या कडा करपत असतील, टोकं तपकिरी होऊन वाळत असतील, आणि आळ्याच्या काठावर उन्हाळ्यात पांढरट बुरशीसारखा थर दिसत असेल, तर तो थर क्षाराचा आहे. त्या घरात जुईला औषध शोधत बसू नये, विहिरीचं किंवा बोअरचं पाणी तपासून घ्यावं. पाण्याची क्षारता ०.७५ च्या आत असेल तर काळजी नाही. ती २.२५ च्या वर गेली तर ते पाणी शेतीला धोक्याचं समजावं. मधल्या पाण्याला निचरा चांगला लागतो. जुईला दिलं तेच पाणी चराचरांतून उसाला जात असतं. ऊस एकदम मरत नाही. फुटवे कमी होतात, उसाची जाडी घटते, टनेज दोन-तीन टनांनी उतरत राहतं, आणि आपण बेण्याला नाही तर आम्हाला दोष देतो. शिरोळ, मिरज, वाळवा भागात कृष्णाकाठची चांगली काळी जमीन अशीच हळूहळू क्षारपड झाली आहे. दारातल्या एका आळ्यात ते आधी डोळ्यांना दिसतं, कारण तिथे आपण रोज उभे असतो. नमुना देताना मोटर दहा-पंधरा मिनिटं चालू द्यावी, स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरावी आणि गट नंबर लिहून शेतकी कार्यालयात किंवा आपल्या चिटबॉयकडे द्यावी.

खताबद्दल. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद आणि १७० किलो पालाश ही शिफारस आपणा सर्वांना पाठ आहे. म्हणजे नत्र इतर दोन्हींच्या दुपटीहून जास्त. आता तमिळनाडूतल्या जुईच्या पिकाची शिफारस पाहा : एका झाडाला वर्षाला १२० ग्रॅम नत्र, २४० ग्रॅम स्फुरद, २४० ग्रॅम पालाश. प्रमाण बरोबर उलटं! उसात आपल्याला पाला आणि कांडं वाढवायचं असतं, तिथे नत्र राजा. जुईला मूठभर युरिया टाकला की ती हिरवीगार लसलशीत होते, घरातले खूश होतात, आणि कळ्यांच्या वेळी फक्त पानं. शिवाय कोवळ्या पाल्यावर किडी धावतात. घरच्या एका मोठ्या वेलीला आम्ही वरच्या शिफारशीच्या निम्मंच सांगतो. वर्षाला युरिया १३० ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट पाऊण किलो, म्युरेट ऑफ पोटॅश २०० ग्रॅम. याचे दोन सारखे हप्ते करावेत, एक छाटणीनंतर आणि दुसरा जून-जुलैमध्ये. बुंध्यापासून हातभर दूर, गोल चर काढून टाकावं आणि मातीने झाकून पाणी द्यावं. सोबत छाटणीनंतर एक घमेलं कुजलेलं शेणखत. ज्यांना रासायनिक खत नको त्यांनी शेणखत दोन घमेली घालावं, जुईची तक्रार नसते. लहान रोपाला पहिलं वर्षभर फक्त शेणखत.

चुनखडीच्या जमिनीत नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं दिसतं. खोडवा उसात आपण याला केवडा पडला म्हणतो. तोच हा प्रकार, जमिनीतलं लोह मुळांना मिळत नाही. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस विरघळवून त्याच दिवशी पानांवर फवारावं, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. जुनी पानं पिवळी आणि माती ओली असेल तर मात्र केवडा समजू नये, ते पाण्याचं दुखणं आहे.

तिसरं उरलेलं म्हणजे तणनाशक, आणि इथे आम्हाला थोडं कडक बोलायचं आहे. उसात रुंद पानांच्या तणासाठी टू-फोर-डी सर्रास वापरतात. ऊस गवताच्या कुळातला असल्यामुळे योग्य मात्रेत त्याला ते बाधत नाही. जुई रुंद पानांची आहे. तिच्या दृष्टीने ती स्वतःच तण! वाऱ्यावर आलेले थोडे तुषारसुद्धा पुरेत. शेंडे पिळवटतात, कोवळी पानं आक्रसून वाटीसारखी किंवा पट्टीसारखी होतात, फांदी कोंबडीच्या मानेसारखी वाकते. घरातल्यांना वाटतं कुणाची नजर लागली किंवा रोग आला. टू-फोर-डीचा ईथाइल एस्टर प्रकार तर उन्हात वाफ होऊन वारा नसतानाही सरकतो. म्हणून वस्तीलगतच्या पहिल्या काही सऱ्यांत तणनाशक न मारता खुरपणी करावी. बाकी ठिकाणी सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, नोझल खाली धरून मारावं. शेजाऱ्याची द्राक्षबाग, टोमॅटो, वांगी, कापूस असेल तर हाच नियम दुपटीने पाळावा. द्राक्षाला टू-फोर-डी फार लवकर लागतं आणि त्यावरून भाऊबंदकीची भांडणं कोर्टापर्यंत गेलेली आहेत.

दुसरा धोका पंपाचा. सकाळी उसात तणनाशक मारलं, पंप एकदा पाण्याने खंगाळला, आणि संध्याकाळी घरच्यांनी सांगितलं म्हणून त्याच पंपात किडीचं औषध घालून जुईवर मारलं. चार दिवसांत वेल गेली. रबराच्या नळीत आणि वॉशरमध्ये तणनाशक मुरलेलं असतं, एका धुण्याने ते निघत नाही. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा, त्यावर लाल रंगाने फुली मारावी. पंप एकच असेल तर दारच्या झाडांवर तो आणूच नये. त्यांच्यासाठी दीड-दोनशे रुपयांचा हातातला लहान फवारा बाजारात मिळतो.

तुषारांनी लागलेली वेल लगेच उपटू नये. पिळवटलेल्या भागाच्या वीतभर खाली फांदी कापावी, पाणी नेहमीप्रमाणे द्यावं, खत बंद ठेवावं. दोन महिन्यांत निरोगी फूट आली तर ती वाचली. मात्र ती फूटही वाकडीच आली तर आशा सोडावी.

छाटणीला घरातले लोक फार बिचकतात. वाढवलेल्या वेलीवर कात्री चालवायची म्हणजे पाप वाटतं. पण जुईच्या कळ्या नव्या फुटीच्या टोकांना येतात. जुनी काष्ठं ठेवून उपयोग नाही. जो सभासद ऊस तुटल्यावर बुडखे जमिनीलगत छाटतो, त्याला हे समजायला वेळ लागू नये. जानेवारीच्या सुरुवातीपासून पाणी तोडावं, डाळिंबाला आपण ताण देतो तसं. महिनाअखेर छाटणी करावी. व्यापारी लागवडीत झुडूप जमिनीपासून दीड फुटावर कापतात. आपल्या मांडवावरच्या वेलीला इतकं करण्याची गरज नाही. मुख्य तीन-चार खोडं ठेवून वाळलेल्या, गुंतलेल्या, पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या काढाव्यात, आणि बाकीच्यांचा वरचा निम्मा भाग छाटावा. छाटल्यावर दोन आठवडे मांडव ओकाबोका दिसतो, त्याला इलाज नाही. मग खत, पाणी आणि ऊन मिळालं की फूट जोरात येते. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात कळ्या धरू लागतात आणि पावसाळाभर फुलं येत राहतात.

किडींची यादी देत नाही. कळ्यांना भोक आणि आत हिरवट अळी दिसली तर त्या कळ्या वेचून नष्ट कराव्यात, घरच्या वेलीला एवढं पुरतं. पानांवर आणि कळ्यांवर पांढरट लोकरीसारखी लव येऊन ती वेडीवाकडी झाली तर ती सूक्ष्म कोळ्यांची करामत समजावी. तो भाग कापून जाळावा आणि पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात, ऊन कमी असताना फवारावं. वर सांगितलेली पारीमुल्लै जात या कोळ्यांना फारशी बळी पडत नाही.

आता सापाचं. "जुईच्या वासाने साप येतो, म्हणून सासूबाई लावू देत नाहीत," हे आम्ही अनेकदा ऐकलं आहे. फुलाच्या वासाने साप येत नाही. त्याला फुलाचा काही उपयोग नाही, तो उंदीर, बेडूक, पाली यांच्या मागावर असतो. पण सासूबाईंचं अगदीच चूक आहे असं आम्ही म्हणणार नाही. गच्च वाढलेल्या वेलीच्या बुडाशी गारवा, ओल आणि अडगळ असली तर उंदीर-बेडूक तिथे राहतात, आणि शेजारी ऊस असला की पुढचं सांगायला नको. तेव्हा बुंध्यापासून दोन-अडीच फूट उंचीपर्यंतची बाजूची फूट काढून टाकावी, खाली सरपण, विटा, पाचट, पाइपांची भेंडोळी रचू नयेत. रात्री वेलीखाली बॅटरीशिवाय जाऊ नये. दंश झालाच तर चिरा, आवळपट्टी, मांत्रिक यांत वेळ न घालवता, माणसाला चालू न देता, प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात सरळ न्यावं.

शिवाय रात्री वेलीखाली जायची गरजही नाही. फुलं रात्री उमलतात म्हणून रात्री काढावी लागतात असं थोडंच आहे! दुपारी चार-साडेचारला वेलीकडे पाहावं. त्या रात्री उमलणाऱ्या कळ्या टपोऱ्या, पांढऱ्याशुभ्र आणि लांबट झालेल्या असतात, उद्याच्या कळ्या अजून बारीक आणि हिरवट असतात. तेवढ्या टपोऱ्या कळ्या देठासकट खुडून ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून सावलीत ठेवाव्यात. हवं तर त्याच वेळी गजरा ओवून घ्यावा. तोडलेल्या कळीतसुद्धा उमलण्याचं आणि सुगंध तयार करण्याचं काम चालूच राहतं, हे या कुळाचं वैशिष्ट्य आहे. उत्तरेत जुन्या पद्धतीने चमेलीचं तेल करताना तिळाच्या थरावर ताज्या फुलांचा थर देतात, फुलं रोज बदलतात, आणि तिळाने वास पिऊन घेतला की ते घाण्याला लावतात. आपल्याकडे घरचे तीळ असतील तर पितळी डब्यात चार-सहा दिवस हे करून पाहायला हरकत नाही. शिळी फुलं काळी पडण्याच्या आत काढून टाकावीत, नाही तर तिळाला आंबूस वास लागतो.